ठेवीची दुसरी प्रत

आमच्या घरातल्या लोखंडी कपाटात, अम्मीच्या शालीखाली, बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात एकवीस सीडी होत्या. प्रत्येकीवर मार्करने महिना आणि वर्ष टाकलेले. पहिली मार्च २००६ ची, शेवटची नोव्हेंबर २००९ ची. त्यांच्यावर आमचे स्वतःचे फारसे काही नव्हते. होती ती दुसऱ्यांची पत्रे. हा डबा जपावा, नष्ट करावा की वाटून टाकावा, यावर आम्हा दोघा भावांचे बरीच वर्षे एकमत होत नव्हते. थोरल्याचे म्हणणे, जपणे हे आपले कामच आहे. धाकट्याचे म्हणणे, आपण जपले हाच आपला गुन्हा. दोघांच्याही म्हणण्याला एकेका प्रसंगाचा आधार होता, आणि दोन्ही प्रसंगांत चूक आमची होती.

अमरावतीहून नागपूरकडे निघाले की महामार्गावर आमचे नांदगाव पेठ लागते. आज लोक ते एमआयडीसीमुळे, कापडाच्या कारखान्यांमुळे आणि औष्णिक वीज केंद्रामुळे ओळखतात. २००२ साली आम्ही तिथे एसटीडी, झेरॉक्स आणि डीटीपीचे दुकान टाकले. मुख्य धंदा लग्नपत्रिका आणि अर्ज-विनंत्यांचा. वर्षभराने टेलिफोनच्या तारेवरून चालणारे इंटरनेट घेतले. कोकणात जसा घरटी एक माणूस आखातात असतो तसे आमच्या वऱ्हाडात नाही. तरी कोणाचा मुलगा दम्मामला, कोणाचा भाऊ कुवेतला, कोणाचा जावई पुण्याला कंपनीत, असे होतेच. फोन महाग पडायचा. हळूहळू आमच्या दुकानाचा एकुलता एक ई-मेल पत्ता पन्नासेक घरांचा पत्ता झाला. विषयाच्या जागी आईचे किंवा बापाचे नाव यायचे. आम्ही निरोप पाठवायचो, माणूस दुकानात यायचा. वाचता येत असेल तर छापून द्यायचो, नसेल तर वाचून दाखवायचो. उत्तर तो सांगायचा, आम्ही टाईप करायचो.

भाषेची गंमत वेगळीच. घरी आम्ही उर्दूमिश्रित हिंदी बोलतो, बाजारात वऱ्हाडी, आणि कागदावर मराठी. लग्नपत्रिकेसाठी मराठीचे फॉन्ट दुकानात भरपूर होते, पण त्यात लिहिलेले पत्र तिकडे तो फॉन्ट नसला की नुसती गिचमीड दिसायचे. उर्दूसाठी इनपेज होते, त्याचेही तेच. युनिकोड विंडोजमध्ये आलेले असून कोणाला टाईप करता येत नव्हते. म्हणून सगळा पत्रव्यवहार इंग्रजी अक्षरांत चालायचा, आणि अम्मीला सलाम लिहिताना कोण किती ए लावील याचा नेम नव्हता.

पूर्वी हे काम पोस्टमन करायचा. ओट्यावर बसून पत्र वाचून दाखवायचा, कधी दोन ओळी लिहूनही द्यायचा. पण कागद घरातच राहायचा. पोस्टमनच्या डोक्यात राहील तेवढेच त्याच्यासोबत जायचे, आणि शंभर घरांची पत्रे वाचणाऱ्याच्या डोक्यात राहते तरी किती? आमचे उलटे होते. माणूस ऐकून घरी जायचा आणि पत्र आमच्याकडे राहायचे. ही गोष्ट तेव्हा त्यांच्याही लक्षात आली नाही, आमच्याही नाही.

थोडे यंत्राविषयी सांगणे भाग आहे. त्या काळी फुकटच्या ई-मेलमध्ये जागा अगदी थोडी. हॉटमेल २००४ पर्यंत २ एमबी द्यायचे, आणि ३० दिवस खाते उघडले नाही तर ते रिकामे व्हायचे. म्हणून आम्ही कनेक्शनबरोबर मिळालेला पत्ता वापरायचो आणि कॉम्प्युटरवर आऊटलुक एक्स्प्रेस. त्याची रीत अशी की आलेला मेल सर्व्हरवरून आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा आणि तिकडून पुसून टाकायचा. एक प्रत तिकडेच राहू द्यावी अशी खूण करायची सोय असते, पण ती मुद्दाम करावी लागते. आम्ही केली नव्हती. म्हणजे मेल उतरला की बहुधा त्याची एकच प्रत उरे, आमच्या हार्ड डिस्कवर, विंडोजने लपवून ठेवलेल्या एका फोल्डरच्या पोटात. तीही प्रत्येक पत्राची वेगळी नाही. सगळा इनबॉक्स मिळून एकच फाईल. पन्नास घरांचे धान्य एकाच पोत्यात. पोते फाटले तर सगळ्यांचेच सांडणार.

फेब्रुवारी २००६ मध्ये ते फाटले. तेव्हा विदर्भात भारनियमनाचे दिवस होते. (गावाशेजारी १३५० मेगावॉटचे केंद्र उभे राहिले ते पुढच्या दशकात. आमच्या नशिबात आधी अंधार होता.) यूपीएसची बॅटरी उतरली होती आणि ती बदलायचे आम्ही दोन महिने पुढे ढकलत होतो. एका दुपारी आऊटलुक बंद करताना त्याने विचारले, फाईल आवळून जागा मोकळी करू का? आम्ही होय म्हटले. काम अर्ध्यावर असताना लाईट गेली. संध्याकाळी कॉम्प्युटर सुरू केला तर इनबॉक्स रिकामा. अमरावतीच्या एका दुरुस्तीवाल्याने डिस्क दोन दिवस ठेवून घेतली. निघाले ते नुसते तुकडे. एका पत्राचे डोके, दुसऱ्याचे पाय.

खाला आली ती त्यानंतर महिनाभराने. सख्खी नाही, गावाच्या नात्याने खाला. तिचा मुलगा दम्मामजवळ ट्रेलर चालवायचा. जानेवारीत त्याचा मेल आला होता आणि आम्ही तो तिला वाचून दाखवला होता. छापून देऊ का, असे विचारले तर म्हणाली होती, मला कुठे वाचता येते, तुमच्याकडेच राहू द्या. त्यानंतर बारा दिवसांनी तो रस्त्यावरच्या अपघातात गेला. दफनही तिकडेच झाले. चाळिसावा झाल्यावर ती दुकानात आली आणि ती चिठ्ठी पुन्हा वाचा म्हणाली.

आम्ही खरे ते सांगितले. ती रागावली नाही. थोडा वेळ कॉम्प्युटरकडे पाहत राहिली. मग धाकट्याला म्हणाली, "तू तर वाचली होतीस ना? मग सांग."

धाकट्याने सांगितली. जेवढी आठवली तेवढी. पगार उशिरा झाला, पाय बरा आहे, बहिणीच्या फीचे पैसे पुढच्या महिन्यात. मग ती थांबून राहिली म्हणून आणखी दोन वाक्ये आली, आणि ती त्या पत्रात होती की आधीच्या एखाद्या पत्रात, की तिच्या चेहऱ्याकडे पाहून तोंडात आली, हे त्याला आजही सांगता येत नाही. पुढे बरीच वर्षे ती येत राहिली, दर वेळी तेच सांगायला लावत राहिली. दर वेळी सांगणे अधिक नेटके होत गेले. आम्हाला भीती त्याचीच वाटायची.

तुलना करण्याची हिंमत नाही, पण आपल्या घरांत लहानपणापासून ऐकलेली एक गोष्ट तेव्हा आठवायची. प्रेषितांच्या निधनानंतर यमामाच्या लढाईत अनेक हाफिज कामी आले, तेव्हा कुरआन एकत्र लिहून काढण्याचे काम हजरत झैद बिन साबित यांच्याकडे आले. ते स्वतः हाफिज होते. तरी त्यांनी केवळ स्वतःच्या आठवणीवर काही लिहिले नाही. खजुराच्या झावळ्या, दगडाच्या पाट्या, चामडी, जे जिथे लिहिलेले होते ते मागवले आणि लोकांच्या पाठांतराशी ताडून पाहिले, असे परंपरा सांगते. लिखिताला स्मरणाचा पुरावा आणि स्मरणाला लिखिताचा. खालाच्या बाबतीत आमच्याजवळ एकच अर्धे उरले होते आणि ताडून पाहायला काही नव्हते.

आता प्रश्न असा की यात आमचा कसूर किती? शरियतमध्ये ठेवीचा कायदा स्पष्ट आहे. ज्याच्याकडे ठेव ठेवली त्याच्या हातून ती त्याच्या चुकीशिवाय गेली तर भरपाई त्याच्यावर येत नाही. हेळसांड झाली असेल तर येते. १८७२ चा भारतीय करार कायदाही जवळजवळ तेच सांगतो: दुसऱ्याची वस्तू सांभाळणाऱ्याने, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी घ्यावी. दुकानात येणाऱ्या लोकांनी आम्हाला माफच केले होते. लाईट गेली, अल्लाची मर्जी, असे म्हणाले. आम्हीही काही दिवस हेच म्हणत होतो.

पण माप स्वतःच्या मालाचे आहे. दुकानाचा हिशेब त्याच कॉम्प्युटरवर होता, आणि त्याची नक्कल दर शनिवारी फ्लॉपीवर काढून थोरला खिशात घालून घरी नेत होता. एकही शनिवार चुकला नव्हता. उधारीचे शंभर-दोनशे रुपये जाऊ नयेत म्हणून. म्हणजे नक्कल काढावी हे आम्हाला ठाऊक होते, काढायची सवयही होती. मेल फ्लॉपीत मावत नाहीत ही सबब खरी होती, पण सीडी लिहिणारा ड्राईव्ह त्याआधी दोन वर्षे बाजारात हजार-दोन हजाराला मिळत होता आणि आम्ही रंगीत प्रिंटर घेतला. अल्लाच्या मर्जीत आमचा प्रिंटर येत नाही.

मार्च २००६ मध्ये आम्ही सीडी रायटर घेतला. तेव्हापासून महिनाअखेरीला, पुढे दोन महिन्यांनी, सगळ्या फाईली सीडीवर. एक संच घरी, एक बडनेऱ्याला आपाच्या घरी. दोन संच का, यावर आपा हसायची. पण दोन प्रती एकाच छताखाली म्हणजे एकच प्रत, हे आमच्या लोकांना गालिबच्या हयातीपासून माहीत असायला हवे. मिर्झासाहेब आपले काव्य स्वतःजवळ ठेवतच नसत. नवाब झियाउद्दीन खान आणि नवाब हुसेन मिर्झा हे दोन चाहते ते जमवून ठेवत. दोन ठिकाणी प्रती, यापेक्षा अधिक काळजी कोण घेणार? पण दोन्ही घरे दिल्लीत. १८५७ मध्ये दोन्ही लुटली गेली आणि दोन्ही ग्रंथालये गेली. पुढे एका फकिराने कुठून तरी त्यांचीच एक गझल लिहवून आणून त्यांना दाखवली, तेव्हा तो कागद पाहून आपल्याला रडू आल्याचे त्यांनी एका पत्रात लिहिले आहे. आणि ज्या पत्रांतून आपल्याला हे कळते ती तरी कशी उरली? गालिबनी नकला ठेवल्या म्हणून नाही. ज्यांना ती आली त्यांनी जपली म्हणून.

थोरला इथे थांबतो आणि म्हणतो, पाहिलेस? जपणारे होते म्हणून.

धाकटा उरलेली गोष्ट सांगतो. १८५८ मध्ये मित्रांनी ती पत्रे छापण्याचा विचार मांडला तेव्हा गालिब राजी नव्हते. सहज, घाईत लिहिलेले, दोघांतले बोलणे चारचौघांत कशाला, असा त्यांचा सूर होता. पुढे ते वळले. १८६८ मध्ये 'ऊद-ए-हिंदी' आली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८६९ मध्ये 'उर्दू-ए-मुअल्ला'. उर्दू गद्याचे भाग्य उजळले हे खरेच. पण ज्या दिवशी ते नाही म्हणाले त्या दिवशी त्यांचे नाही म्हणणे चूक होते का?

आमचा दुसरा प्रसंग याच नाहीचा.

गावातली एक सासुरवाशीण दुकानात येऊन कुवेतच्या भावाला पत्रे लिहवून घ्यायची. चार-पाच वर्षे. भावाने तिच्या नवऱ्याला टेम्पोसाठी वेळोवेळी पैसे पाठवले होते; किती, केव्हा, कोणाच्या हाती, हे त्या पत्रांत होते. घरात तिच्याशी काय चालते तेही होते, कारण ते सांगायला तिला दुसरी जागा नव्हती. ती सांगताना आम्ही पडद्याकडे पाहायचो, तिच्याकडे नाही. २००८ मध्ये तो संसार मोडायला आला. एका संध्याकाळी नवऱ्याचे काका आणि गावातले एक वजनदार गृहस्थ दुकानात आले. चहा झाला. मग म्हणाले, तुमच्याकडे सगळ्या मेलच्या सीडी असतात असे ऐकतो, आमच्या सुनेची पत्रे छापून द्या. आमच्याच घरातली पत्रे आहेत.

आम्ही द्यायला नकोत हे आम्हा दोघांनाही पहिल्या क्षणी कळले होते. लोकांच्या खाजगी गोष्टी हुडकू नका, असे कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये सांगितले आहे. बैठकीत ऐकलेले बोलणे ही अमानत असते, असे हदीसमध्ये आहे. त्यासाठी आलिम व्हावे लागत नाही. पण त्या गृहस्थांच्या शब्दावर आमचे भाड्याचे दुकान होते. थोरला म्हणाला, "ती सीडी खराब झाली चाचा, उघडतच नाही."

ते उठून गेले. रात्री आम्ही जेवताना एकमेकांना शाबासकी दिली. अमानतही वाचली, दुकानही वाचले. कोणाचा जीव, कोणाची अब्रू वाचवायला बोललेल्या खोट्याला उलेमांनी सवलत दिली आहे, असा आधारही धाकट्याने शोधला.

पाच वर्षांनी, एका लग्नात, तिच्या माहेरच्या नात्यातल्या एका बाईकडून कळले. तडजोडीच्या वेळी भावाने पाठवलेल्या पैशांचा पुरावा तिच्याजवळ नव्हता. भावाचे हॉटमेल केव्हाच रिकामे झाले होते. तिला आमच्या सीडींची आठवण झाली होती. पण गावात बोलले जात होते की त्या सगळ्या खराब झाल्या, म्हणून कोणी विचारायलाच आले नाही. तिने मिळेल त्यावर सही केली.

सीडी चांगली होती. डब्यात होती. आम्ही "देणार नाही" म्हटले असते तर ती आहे हे तिला कळले असते. नाही म्हणण्याची किंमत आम्ही मोजली असती. खोटे बोललो, ती तिने मोजली. दुसऱ्याची ठेव राखणे म्हणजे कुलूप लावणे एवढेच आम्ही समजलो होतो. ठेव आहे, इथे आहे, आणि अमक्याची आहे, हे सांगत राहणे हाही राखण्याचा भाग असतो हे ध्यानात आले नाही.

तेव्हापासून धाकटा म्हणू लागला की डबा जाळावा. आपल्याकडे नसते तर मागायला कोणी आले नसते, खोटे बोलावे लागले नसते. थोरला म्हणायचा, आणि खाला?

पत्र कोणाचे, हा वाद जुना आहे. १७४१ मध्ये इंग्लंडमध्ये पोप नावाच्या कवीने कर्ल नावाच्या पुस्तकविक्रेत्यावर दावा लावला, कारण त्याने पोपची पत्रे न विचारता छापली होती. न्यायालयाने वाटणी केली: कागद ज्याला पत्र आले त्याचा, शब्द ज्याने लिहिले त्याचे. शंभर-दोनशे वर्षे ही वाटणी चालली. ई-मेलमध्ये कागदच नाही. मग घेणाऱ्याच्या हाती काय उरते? आणि आमच्यासारख्या मधल्या माणसाच्या हाती तर दोन्ही नसून सगळे होते.

२००४ च्या नोव्हेंबरमध्ये इराकच्या फल्लुजात जस्टिन एल्सवर्थ हा अमेरिकन सैनिक मारला गेला. त्याच्या वडिलांनी याहूकडे त्याचे मेल मागितले. कंपनी म्हणाली, खातेदाराच्या खाजगीपणाचा आम्ही शब्द दिला आहे. २००५ च्या एप्रिलमध्ये मिशिगनच्या न्यायालयाने आदेश दिला आणि मेल वडिलांना मिळाले. तेव्हा ही बातमी वाचून आम्ही बापाच्या बाजूने होतो. वर्षभरात खाला आली आणि आम्ही अधिकच त्या बाजूने झालो. २००८ नंतर मात्र वाटते की कंपनीच्या नाहीतही काही होते. त्या मुलाला पत्रे लिहिणारे जे कोणी जिवंत होते, त्यांना कोणी विचारले? मेलेल्याच्या पेटीत जिवंतांची गुपिते असतात. वारसांना मालमत्ता मिळते, जमीन मिळते. दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वारसाहक्काने मिळते असे आम्हाला वाटत नाही. खालाचा हक्क वेगळा होता. ती वारस म्हणून मागत नव्हती. ते पत्र तिलाच आले होते.

आजच्या तरुणांना हे सगळे जुनाट वाटेल. मेल आता कॉम्प्युटरवर उतरतच नाही, गूगलकडेच राहतो, बॅकअपची काळजी कशाला? फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या हजारो लोकांना सकाळी उठून इनबॉक्स रिकामा दिसला. एका सॉफ्टवेअरच्या चुकीने अनेक ठिकाणच्या प्रती एकदमच गेल्या. परत आणले ते टेपवरून, जुन्या पद्धतीच्या चुंबकीय फितीवरून, कारण ती जाळ्याला जोडलेली नव्हती आणि म्हणून चूक तिच्यापर्यंत पोचली नाही. आणि डिसेंबर २०२३ पासून, दोन वर्षे न उघडलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने सुरू केले. गेलेल्या माणसाचे खाते उघडणार कोण? कंपनीच्या 'टेकआऊट' सोयीने सगळे मेल एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये उतरवता येतात. ते करावे, एक प्रत घराबाहेर ठेवावी, आणि वर्षातून एकदा उघडून पाहावी. न उघडलेल्या प्रतीवर विश्वास ठेवू नये. आपल्यामागे खाते कोणी पाहायचे हेही गूगलला २०१३ पासून सांगून ठेवता येते. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा कायद्यातही मृत्यूनंतर आपले हक्क बजावायला माणूस नेमण्याची तरतूद आहे. वसियतीत शेताचा गट नंबर लिहिणारे आपण, ही एक ओळ लिहायला काय हरकत आहे? आणि नेमताना, काय उघडायचे नाही तेही सांगावे.

आमचा वाद मिटला तो एका जुन्या गोष्टीने, जी दोघांनाही पाठ होती आणि दोघांनीही अर्धीच ऐकली होती. मक्केचे लोक प्रेषितांना अमीन म्हणायचे, त्यांच्याकडे ठेवी ठेवायचे. जे जिवावर उठले त्यांच्याही ठेवी त्यांच्याकडे होत्या. हिजरतच्या रात्री त्यांनी हजरत अलींना मागे ठेवले ते त्या ठेवी ज्याच्या त्याला पोचवायला. लहानपणी आम्ही यातून एवढेच घेतले की ठेव सांभाळावी. थोरल्याला डबा बंद करून जपायचा होता, धाकट्याला जाळायचा होता, आणि परत देणे दोघांनाही सुचले नव्हते. ज्याने घर सोडायची वेळ आली तरी ठेवी सोबतही नेल्या नाहीत आणि फेकल्याही नाहीत, त्याचे नाव घेणारे आम्ही.

२०२३ च्या हिवाळ्यात डबा उघडला. आजच्या लॅपटॉपला सीडीचा ड्राईव्ह नसतो. दुकानातला जुना एक्सपीचा कॉम्प्युटर माळ्यावर होता, तो खाली काढला. आऊटलुक एक्स्प्रेस त्याच्याबरोबरच संपलेले, म्हणून दुसरीकडे ती फाईल सरळ उघडत नाही. वऱ्हाडातला उन्हाळा पत्र्याच्या डब्यात इतकी वर्षे मुरला की सीडीचे काय होते ते पाहायला मिळाले: एकवीसपैकी चार गेल्या. आपाकडच्या संचातून त्यातल्या दोन निघाल्या. उरलेल्या दोन कायमच्या गेल्या. मराठी फॉन्टमधली थोडी पत्रे गिचमीड निघाली. तो फॉन्ट एका लग्नपत्रिकेच्या फ्लॉपीवर सापडला.

प्रत्येक घराची पत्रे वेगळी केली. वेगळी करायला वरची नावे पुरली. आतले वाचायचे नाही, असे ठरवले आणि बहुतेक पाळले. बहुतेक. मग दारोदार. ज्याने पत्र लिहिले तो हयात असेल तर आधी त्याला विचारायचे, नंतर ज्याला आले त्याला. दोघेही नसतील तर मुलांना न देता पुसायचे. यावर थोरला अजून नाराज आहे. एका आजोबांना त्यांचे २००७ चे पत्र वाचून दाखवले तर म्हणाले, "हे मी म्हटलं होतं?" आणि पुन्हा वाचायला लावले. दम्मामहून परतलेल्या एकाने न पाहताच पुसा म्हटले. तिघे-चौघे म्हणाले, असू द्या तुमच्याकडेच, सुरक्षित आहे. त्यांना नाही म्हणताना वाईट वाटले. खालाला द्यायला काही नव्हते. ती त्याआधीच गेली होती, आणि तिची चिठ्ठी कुठल्याच सीडीवर नव्हती.

चांदूरबाजारला शेवटी गेलो. ती आता भावाच्या शेजारी राहते, शिवणकाम करते, मुलगी नर्सिंगला आहे. आम्ही सगळे सांगितले, चाचांपुढे काय बोललो तेही. छापलेली पत्रे पाकिटात होती, एकसष्ट पाने. तिने मशीन थांबवले. चष्मा लावून वरचे पान वाचले, बाकीची मोजली. आम्ही माफीचे काही बोलू लागलो तर हाताने थांबवले.

"याची दुसरी प्रत कुठे आहे?" तिने विचारले.

सीडीवर, आमच्या घरी. आणि एक बडनेऱ्याला, आपाकडे.

"त्या दोन्ही आणून द्या," ती म्हणाली, आणि पाकीट मशीनच्या खणात ठेवले.